माझ्या खिळ्यांवर टांगलेलं चित्र

मित्रांनो, काळेवाडीतल्या एका दुसऱ्या मजल्यावरच्या घरात शोकेस आणि भिंत यांच्या फटीत एक चौकोनी लाकडी वस्तू तिरकी उभी दिसली, तर ती मी. मी एक जुना कॅरम आहे. माझं एक भोक फटीतून बाहेर डोकावतं आणि हॉलमधलं सगळं मला त्यातूनच दिसतं. दिसतं म्हणून तर त्रास होतो. समोरच्या भिंतीवर दोन खिळे आहेत. ते माझे आहेत. माझ्या त्या खिळ्यांवर एक चित्र येऊन बसलं आणि ते माझ्या डोळ्यांत किती खुपलं, हे आधीच सांगून टाकतो. म्हणजे पुढे मी काही वाकडं बोललो तर तुम्हाला नवल वाटणार नाही.

मला हेवा वाटतो. पहिल्यापासूनच वाटतो. काही जणांचा स्वभाव गोड असतो, माझा तसा नाही.

माझा जन्म पुण्यातल्या एका छोट्या कारखान्यात झाला. लाकडाचे पातळ थर एकावर एक चिकटवून माझं अंग बनवलं, मग ते घासून घासून इतकं गुळगुळीत केलं की हात ठेवला तर घसरावा. त्यावर काळ्या-तांबड्या रेघा आल्या, मधोमध गोल आला, चारी कोपऱ्यांत भोकं आणि खाली जाळ्या. त्याच मोठ्या फळीच्या उरलेल्या अर्ध्या भागातून आणखी एक कॅरम बनला. तो माझा जुळा भाऊ. आमच्या सोसायटीच्या महिला मंडळाने आम्हा दोघांना एकाच टेम्पोतून आणलं आणि तळमजल्यावरच्या हॉलमध्ये ठेवलं. दिसायला आम्ही सारखेच होतो, पण भावाचं अंग माझ्याहून किंचित जास्त गुळगुळीत निघालं. पहिल्याच दिवशी कोणीतरी म्हणालं, "याच्यावर सोंगटी कशी पळते बघा! तो दुसरा जरा जड आहे." तो दुसरा म्हणजे मी. माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मला तेव्हा एकाच व्यक्तीने तारलं. तिचं नाव अरुंधतीबाई.

अरुंधतीबाई टेलिफोनच्या ऑफिसात कामाला होत्या. दिवसभर लोकांचे फोन जोडून द्यायच्या. संध्याकाळी घरी आल्या की भाजी फोडणीला टाकून, गॅस बारीक करून खाली यायच्या आणि थेट माझ्यासमोर बसायच्या. "मला हाच बरा," म्हणायच्या. "जड आहे म्हणून तर नेम नीट धरावा लागतो." त्यांच्यासमोर बसायची त्यांची जोडीदार झुलेखा. कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्या इकबालची बायको. कॅरममध्ये जोडीदार समोरासमोर बसतात, हे तुम्हाला माहीत असेलच. झुलेखा डावखुरी होती. तिचा स्ट्रायकर उलट्या बाजूने असा काही यायचा की शेजारी बसलेल्यांना अंदाजच लागायचा नाही. या दोघींनी पिंपरी-चिंचवडमधल्या कितीतरी सोसायट्यांच्या बायकांना हरवलं, आणि स्पर्धेचा शेवटचा खेळ नेहमी माझ्यावर व्हायचा. भाऊ बाजूला पडून बघायचा. ते दिवस फार चांगले होते.

मग एका वर्षी पवना नदीच्या पुराचं पाणी हॉलमध्ये शिरलं. मी कपाटावर होतो आणि भाऊ खाली जमिनीवर. पाणी ओसरलं तेव्हा तो फुगला होता, मध्यभागी त्याला टेंगूळ आलं होतं आणि त्याची चौकट सुटायला आली होती. सगळ्या बायका हळहळल्या. मी हळहळलो नाही. एरवी त्याच्यावर सोंगटी पळते म्हणून त्याला किती डोक्यावर घेतलं होतं! काही दिवसांनी तो हॉलमधून दिसेनासा झाला. कुठे गेला, हे मी विचारलं नाही.

त्याच सुमारास इकबालला राजगुरुनगरला हायवेलगत गॅरेजसाठी जागा मिळाली आणि झुलेखाचं बिऱ्हाड तिकडे गेलं. अरुंधतीबाईंनी दुसरी जोडीदार शोधलीच नाही. मंडळाच्या बायका म्हणाल्या, "याला आता तुम्हीच घरी न्या." बाईंच्या नवऱ्याने, सुरेंद्ररावांनी, घरातल्या हॉलच्या भिंतीत दोन दणकट खिळे ठोकले आणि मला तिथे टांगलं.

सुरेंद्रराव एका कंपनीच्या पेंट शॉपमध्ये होते. तिथल्या डब्यांत उरलेला रंग कामगारांना घरी न्यायला मिळायचा. त्यामुळे आमच्या सोसायटीतल्या सगळ्या खिडक्यांच्या ग्रिलला एकच गडद हिरवा रंग असायचा, आणि त्याखाली गंज धरू नये म्हणून लावलेला विटकरी रंगाचा हात. पुढे नवे रंग चढले, पण ग्रिल कुठे खरवडलं की आतून तोच हिरवा आणि तोच विटकरी डोकावतो. हे ध्यानात ठेवा, पुढे लागेल.

भिंतीवरची वर्षं मला मानवली. सुट्टीत पोरं मला खाली उतरवायची, पाहुणे पावडर मागायचे. दर खंडेनवमीला अरुंधतीबाई मला ओल्या फडक्याने नव्हे, कोरड्याने पुसायच्या, हळदकुंकू लावायच्या आणि झेंडूचं फूल वाहायच्या. सुरेंद्रराव चेष्टा करायचे, "अगं, कंपनीत आम्ही मशिनची पूजा करतो, घरात तू विळीची कर, सुरीची कर. कॅरम काय हत्यार आहे?" त्या म्हणायच्या, "माझं हेच." तेवढ्यावर मी वर्षभर खूष असायचो.

पुढे सुरेंद्रराव गेले. बाईंची बोटं संधिवाताने आखडली. त्यांचा मुलगा क्षितिज महाळुंग्याच्या एका कंपनीत गाड्यांच्या आतल्या सजावटीचं डिझाइन करतो, आणि सून सुखदा नोकरीनिमित्त अर्धा आठवडा गावाबाहेर असते. मला खाली उतरवायला कोणाला वेळ राहिला नाही. तरी मी भिंतीवर होतो, आणि बाई जाता-येता माझ्याकडे बघायच्या. मी कुरकुर केली नाही.

मग ते चित्र आलं.

एका रविवारी क्षितिज चिखलीच्या बाजूला सरफराजच्या भंगाराच्या दुकानात जुनी खुर्ची बघायला गेला आणि पोत्यात गुंडाळलेलं काहीतरी घेऊन परतला. आल्या आल्या त्याने मला खिळ्यांवरून उतरवलं. "तात्पुरता इथे ठेवतो," असं म्हणून त्याने मला या फटीत सरकवलं. मित्रांनो, तात्पुरता या शब्दावर कधी विश्वास ठेवू नका. त्याने पोतं सोडलं, आतली सोनेरी चौकट उचलली आणि माझ्या खिळ्यांवर अडकवली. ती अगदी बेतून बसली, आणि मला याचाच जास्त राग आला.

आता ते चित्र कसं होतं ते ऐका. साय धरल्यासारखी पिवळट पांढरी जमीन. त्यावर विटकरी आणि हिरव्या रेघांचा नुसता गोंधळ. एखादी रेघ निघते, मधेच कशावर तरी आपटून वळते, कडेपर्यंत जाते आणि तिथून परत फिरते, जणू कुठे जायचं हेच तिला ठाऊक नाही. जागोजागी रंगाचे वाटोळे डाग. चार कोपऱ्यांत चार काळे गोल. एकही आकार ओळखू येईल तर शपथ. माझ्या अंगावरच्या रेघा बघा, कशा सरळ, आखीव, प्रत्येकीला काही काम आहे. आणि याचं कौतुक!

अरुंधतीबाई पोळ्या करता करता बाहेर आल्या. हाताला कणीक तशीच होती. चित्राकडे बघून त्या दारातच थांबल्या.

"कुठून आणलंस रे?"

"भंगारातून. सरफराज म्हणाला, कुठलातरी हॉल रिकामा केला, त्यातलं सामान आहे. कसं वाटतं?"

"बरं आहे," बाई म्हणाल्या आणि आत गेल्या. त्या दिवशी एक पोळी करपली, वास हॉलपर्यंत आला.

त्यानंतर घरात जो येईल तो त्या चित्रासमोर उभा राहू लागला. कोणाला त्यात वादळ दिसलं, कोणाला हायवेवरची रहदारी. कोपऱ्यांतल्या काळ्या गोलांना एकाने चार दिशांचे सूर्य ठरवलं. क्षितिजची छाती फुगली. जेवताना, चहा पिताना त्याचं तेच. "आई, ज्याने हे काढलं ना, त्याला कशाचीच भीती नव्हती. बघ, रंग कसा सोडून दिलाय. असं सोडून देता येणं फार अवघड असतं." बाई वाढता वाढता ऐकायच्या आणि म्हणायच्या, "भात घे अजून."

दुपारी घर रिकामं झालं की मात्र वेगळंच चालायचं. बाई चित्रासमोर स्टूल घ्यायच्या आणि बसून राहायच्या. माझ्याकडे पाठ करून. कधी कधी त्यांचं एक बोट हवेत उडायचं. मी स्वतःची समजूत घातली, माशी हाकलत असतील. पण मनातून मी जळून खाक झालो होतो. सगळं जग त्याच्याकडे गेलं असतं तरी चाललं असतं, अरुंधतीबाईंनी जायला नको होतं. त्या माझ्या होत्या. त्यांच्या बोटांची नखं मला पाठ होती.

आणि खंडेनवमीला तर कळस झाला. बाईंनी तबक आणलं, चित्राच्या खालच्या कडेला, रंगावरच, कुंकवाचं बोट लावलं, फूल अडकवलं. मग वाकून, फटीत हात घालून मलाही लावलं. आधी त्याला, मग मला! क्षितिज ओरडला, "आई, चित्राला कुंकू काय लावतेस? डाग पडेल ना!" मला त्या दिवशी पहिल्यांदा क्षितिजचं म्हणणं पटलं.

त्याच आठवड्यात क्षितिजच्या कंपनीतले मोठे साहेब जेवायला आले. त्यांना चित्रातलं कळतं, असं ते स्वतःच सांगायचे. चित्रापुढे बराच वेळ उभे राहून त्यांनी एका मोठ्या, दिवंगत चित्रकाराचं नाव घेतलं. "सही नाही, पण हात त्यांचाच वाटतो. क्षितिज, हे घरात ठेवायचं चित्र नाही राव. चाकणच्या आपल्या नव्या इमारतीत, लॉबीत, समोरच लावू. कंपनी रीतसर घेईल. फक्त एकदा जाणकाराकडून तपासून घे."

"मोठा माणूस असणार हे मला वाटलंच होतं," क्षितिज म्हणाला.

अरुंधतीबाई तेव्हा कोशिंबिरीचं भांडं घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ते न वाढताच परत आत नेलं.

मी मात्र मनात मांडे खायला लागलो. चित्र खरं निघालं तर लॉबीत जाणार, खोटं निघालं तर भंगारात जाणार. कसंही झालं तरी खिळे माझे, भिंत माझी आणि अरुंधतीबाईही माझ्या. मी तपासणीची वाट त्या साहेबांपेक्षा जास्त आतुरतेने बघत होतो.

तपासायला पुण्याहून जास्मिन तांबोळी नावाच्या बाई आल्या. चित्र कोणाचं, कधीचं, अस्सल की नक्कल, हे ठरवायचं त्यांचं काम. मला वाटलं होतं, त्या पण येऊन वादळ आणि सूर्य म्हणतील. तसं झालं नाही. त्यांनी आधी पाणी मागितलं, मग चित्र खाली उतरवून डायनिंग टेबलावर सपाट ठेवायला लावलं आणि पडदे ओढून घेतले. हातातला टॉर्च त्यांनी चित्राच्या कडेला, अगदी आडवा धरला. उजेड तिरका पडला की बारीकसारीक चढ-उतारही सावली टाकतात.

"हे उभं ठेवून काढलेलं नाही," त्या म्हणाल्या. "एकही ओघळ खाली गेलेला नाही. असंच आडवं होतं. आणि ब्रश कुठेच नाही."

"म्हणजे बोटांनी?" क्षितिजने विचारलं.

"नाही. एखादी छोटी, सपाट, वाटोळी वस्तू रंगात बुडवून सरकवली आहे. जोरात. ही रेघ बघा, कडेपर्यंत गेली, आपटली आणि जितकी तिरकी गेली तितकीच तिरकी परत आली. हाताने इतका बरोबर कोन येत नाही. इथे कडेला काहीतरी उंच होतं, चौकट असावी."

मित्रांनो, माझ्या अंगावर काटा आला. कडेला आपटून परत येणं! हे तर मी रोज बघितलेलं होतं. रेघेला कुठे जायचं ते ठाऊक नाही असं मी म्हणत होतो, आणि ती तर चक्क नेम धरून मारलेली होती.

जास्मिनबाई टेबलाभोवती फिरल्या. "सगळे फटके दोनच बाजूंनी आले आहेत. समोरासमोरच्या. या बाजूने हिरवा, त्या बाजूने विटकरी. आणि कडेला बोटं टेकल्याचे ठसे आहेत. इथे अंगठा डावीकडे, म्हणजे हात उजवा. समोरच्या बाजूने मात्र अंगठा उजवीकडे. तो हात डावा आहे." त्या क्षितिजकडे वळल्या. "क्षितिजसर, हे एका माणसाचं काम नाही. दोघं होते, आणि त्यातलं एक डावखुरं."

क्षितिजचा चेहरा उतरला. साहेबांनी सांगितलेला चित्रकार एकटा काम करायचा आणि उजव्या हाताने, एवढं त्याला माहीत होतं. "पण मॅडम, चित्र चांगलं तर आहे ना?"

"चित्र फार चांगलं आहे. ते कोणाचं, हा प्रश्न वेगळा." टॉर्च खालच्या कडेला आला. "आणि हे काय? कुंकू?"

"ते माझ्या आईने खंडेनवमीला लावलं. सॉरी, मी पुसून घेतो."

"थांबा, पुसू नका." जास्मिनबाईंनी आणखी वाकून बघितलं. "हे एक ताजं आहे. त्याच्या बाजूला जुनं आहे, पार फिकट झालेलं, वर्षानुवर्षांपूर्वीचं. एकाच जागी." त्या सरळ झाल्या. "माझे अब्बा भोसरीला लेथवर होते. त्यांचे जोडीदार दर खंडेनवमीला त्यांच्या मशिनला असंच बोट लावायचे. पण खंडेनवमीला कुंकू लागतं ते हत्याराला. चित्राला कोणी लावत नाही."

त्याच वेळी अरुंधतीबाई चहाचा ट्रे घेऊन आल्या होत्या. जास्मिनबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग खिडकीकडे. पडदा बाजूला करून त्यांनी ग्रिलच्या कोपऱ्यातला एक पोपडा नखाने उचलला. आतून गडद हिरवा दिसला आणि त्याखाली विटकरी.

"काकू," त्या म्हणाल्या, "घरात कॅरम आहे का हो?"

मी! माझ्याबद्दल विचारलं! क्षितिजने गोंधळून मला फटीतून ओढून काढलं. माझ्यावर धुळीचा जाड थर होता. तो पुसायला क्षितिज फडकं शोधायला लागला तोवर अरुंधतीबाईंनी ट्रे खाली ठेवला आणि पदरानेच मला पुसलं. मला त्या चित्राच्या शेजारी टेबलावर ठेवलं. टॉर्च आडवा झाला. चित्राच्या पांढऱ्या रंगाखालून हळूहळू एक गोल वर आला. मधोमध. माझ्या गोलाएवढाच. मग लांब रेघा, मग कोपऱ्यांतले बाण, सगळं माझ्याशी जुळणारं. चार दिशांचे चार सूर्य म्हणजे बुजवलेली भोकं होती. मध्यभागी थोडा फुगवटा होता, पाण्याने आलेला.

तो माझा भाऊ होता.

इतके दिवस मी त्याच्याकडे बघत होतो आणि मला तो ओळखू आला नाही. जळणाऱ्याला नीट दिसत नाही, एवढंच मी म्हणेन.

क्षितिज आईकडे बघत राहिला. "आई? हे तू केलंस?"

"मी आणि झुलेखाने," अरुंधतीबाई खुर्चीवर बसत म्हणाल्या. "तू तेव्हा सांगलीला होस्टेलवर होतास. झुलेखाचं सामान बांधून झालं होतं. म्हटलं, शेवटचा एक डाव खेळू. हा भिजून बाद झाला होता, फेकणारच होते. तुझ्या बाबांचे ग्रिलचे रंग गच्चीवर पडलेले. आधी पांढरा हात मारला, मग एकेक सोंगटी रंगात बुडवायची आणि मारायची. हिरवी माझी, विटकरी तिची. दिवसभर खेळलो. हसून हसून पोट दुखलं, आणि मग ती रडायला लागली, मग मी. त्या वर्षी खंडेनवमीला मी याला कुंकू लावलं. मंडळाच्या सुताराने सुटलेली चौकट काढली, भोकं बुजवून सोनेरी चौकट केली आणि खाली मंडळाच्या हॉलमध्ये लावलं. पुढे त्याच्यासमोर लाउडस्पीकर ठेवायला लागले. कोणी काढलं, असं कोणी विचारलंच नाही."

"सही का नाही केली, काकू?" जास्मिनबाईंनी विचारलं.

"खेळावर कोणी सही करतं का?"

"पण मला का नाही सांगितलंस?" क्षितिजचा आवाज बारीक झाला होता. "मी रोज तुझ्यासमोर बोलत होतो."

अरुंधतीबाईंनी आपली आखडलेली बोटं पदराला पुसली. मग म्हणाल्या, "म्हणूनच नाही सांगितलं. पहिल्या दिवशी सांगणारच होते. पण तू म्हणालास, ज्याने काढलं त्याला कशाचीच भीती नव्हती. म्हटलं, अजून थोडं ऐकू. मी सांगितलं असतं तर तू म्हणाला असतास, अरे वा, आई, छान आहे. आणि विषय संपला असता. मग साहेबांनी त्या मोठ्या माणसाचं नाव घेतलं आणि तू म्हणालास, मला वाटलंच होतं. खरं सांगू? मला त्या माणसाचा हेवा वाटायला लागला, क्षितिज. तू ज्याचं इतकं कौतुक करत होतास ना, त्याचा. मी तुला भात वाढत होते आणि तो माझ्याच घरात, माझ्याच भिंतीवर, माझंच काम घेऊन बसला होता."

क्षितिजने ट्रेमधला गार झालेला चहा उचलला, स्वयंपाकघरात गेला आणि नवीन चहा ठेवला. सगळ्यांसाठी. आईसाठीही. ते बघून जास्मिनबाईंनी टॉर्च बंद केला.

मला तर एकीकडे लाज वाटत होती आणि दुसरीकडे नवा हेवा उफाळून आला होता. त्या दोघींनी शेवटचा डाव माझ्यावर नाही, त्याच्यावर खेळला! अरुंधतीबाई जणू माझ्या मनातलंच बोलल्या. माझ्या चौकटीवर हात ठेवून त्या जास्मिनबाईंना सांगत होत्या, "झुलेखा म्हणत होती, दोन्ही कॅरम रंगवू. पण याला हात लावायचं माझं धाडस झालं नाही. हा माझा खेळायचा आहे." मित्रांनो, इतकी वर्षं जे ऐकायला मी लटकून राहिलो होतो, ते हेच.

"मग नाव कोणाचं सांगू साहेबांना?" जास्मिनबाईंनी विचारलं.

"झुलेखाला विचारल्याशिवाय मी एकटीचं नाव देणार नाही."

लगेच फोन लावला. पलीकडून झुलेखाचा आवाज सगळ्या हॉलला ऐकू आला. "आगं, त्ये भिजकं फळकूट अजून हाय? आन् लोकं त्याला चित्र म्हणत्यात? माझं नाव पयलं लाव, मी जास्त सोंगट्या घातल्या व्हत्या."

"घातल्या होत्यास, पण पेनल्टी किती दिल्यास ते सांग," अरुंधतीबाई म्हणाल्या आणि कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसल्या.

जास्मिनबाईंनी साहेबांना जे आहे ते कळवलं: चित्र उत्तम आहे, दोन बायकांचं आहे, अरुंधती आणि झुलेखा अशी त्यांची नावं. दुसऱ्या दिवशी साहेबांचा क्षितिजला निरोप आला. लॉबीसाठी आता दुसरं काहीतरी बघू, असं त्यांनी म्हटलं होतं. चित्र तेच होतं, तेच रंग आणि त्याच रेघा. क्षितिजने निरोप वाचला, फोन खिशात टाकला आणि माझ्या भाऊरावांना पुन्हा माझ्याच खिळ्यांवर टांगलं. "लॉबीत शोभलं असतं," एवढंच तो म्हणाला. "पण इथे जास्त शोभतं." मी जळफळलो, पण आतल्या आत.

पुढच्या रविवारी झुलेखा आली. गुडघे धरत, जिन्यावर दोनदा थांबत. तिने चित्राकडे एकदा बघितलं, विटकरी रेघांवर बोट फिरवलं आणि म्हणाली, "ह्यो फटका माझा. असा आता बसायचा न्हाई." मग तिचं लक्ष माझ्याकडे गेलं. मी टेबलावर होतो, नवी पावडर टाकलेली, सोंगट्या मांडलेल्या. क्षितिजने सकाळी स्वतः मांडल्या होत्या. "आन् ह्यो जड बाबा! चालत्यात का गं बोटं तुझी?"

"चालत नाहीत. तू मार आधी."

दोघी समोरासमोर बसल्या. नेम चुकले, सोंगट्या अर्ध्यावर थांबल्या, पेनल्टीवरून भांडण झालं. आणि मग झुलेखाच्या डाव्या हाताचा स्ट्रायकर उलट्या बाजूने आला, माझ्या कडेवर आपटला, परत फिरला, आणि राणी माझ्या जाळीत पडली.

तर मित्रांनो, तुमच्या घरी माझ्यासारखा जुना कॅरम असेल तर त्याला ओल्या भिंतीला टेकवू नका, फटीत कोंबू नका. कोरड्या फडक्याने पुसा, थोडी पावडर टाका आणि चार माणसांना बोलवा. आणि भिंतीवरच्या एखाद्या गोष्टीचं तोंडभरून कौतुक करायला लागाल, तेव्हा चहा घेऊन आलेल्या माणसालाही एकदा विचारा, ही कोणाची आहे म्हणून. त्या माणसाला उत्तर ठाऊक असेल, पण तो आपणहून सांगणार नाही.

आता दर रविवारी टेबलावर मी असतो, बाकीचे दिवस या फटीत. खिळे अजून भावाकडेच आहेत, येणारे-जाणारे त्याच्यासमोर उभे राहतात, मान तिरकी करून बघतात. पण त्याला हात लावायची कोणाला परवानगी नाही. त्याची चारही भोकं बुजवलेली आहेत, आता एकही सोंगटी त्याच्यात पडायची नाही. राणी माझ्या जाळीत पडते, तो आवाज वर भिंतीपर्यंत जातो, आणि तो ऐकतो. मी त्याला ओळखतो, आम्ही एकाच फळीचे आहोत. तो माझ्यावर जळतो. जळू दे.